बाबा सस्पेंड झाले तेव्हा

आमच्या हिंगणघाटच्या घरात इंटरनेट यायचं ते ओरडत यायचं. बैठकीत टेलिफोनच्या शेजारी मी मोडेम ठेवला होता. नंबर फिरला की तो आधी किरकिरायचा, मग घसा खाकरायचा आणि मग पत्र्यावर खिळा ओढावा तसा एक लांब सूर लावायचा. आई तेवढा वेळ कानात बोटं घालून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि सूर थांबला की विचारायची, "लागलं का गं तुहं अमेरिकेले?" लागलं म्हटलं की ती कुकर चढवायला आत जायची. तिच्या लेखी मी रोज अमेरिकेशी बोलत होते आणि तरीही चार घरं सोडून राहणाऱ्या मावशीचा फोन आमच्याकडे लागत नव्हता, ह्याचा तिला राग होता. कापसाच्या हंगामात गावभर तंतू उडायचे, ते खिडकीतून येऊन कॉम्प्युटरच्या पोटात बसायचे. पंखा घरघरायला लागला की मी डबा उघडायची आणि आई आतला कापूस चिमटीने काढून घ्यायची. "एवढ्यात दोन वाती होते," म्हणून तो देवघरात न्यायची. माझ्या धंद्यातून घराला झालेला पहिला रोख फायदा तोच.

धंदा असा होता. बी.एस्सी. झाल्यावर मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि गावातल्या लोकांच्या वेबसाइट बनवून द्यायला लागले. कापसाचे व्यापारी, बियाण्यांची दुकानं, एक मंगल कार्यालय, एक शिकवणी वर्ग. बनवलेली वेबसाइट कुठेतरी ठेवावी लागते, म्हणून मी अमेरिकेतल्या एका कंपनीकडे जागा भाड्याने घेतली होती. तिला शेअर्ड होस्टिंग म्हणत. कंपनीचं मशीन एक, त्याच्यावर शेकडो गिऱ्हाइकं, सगळ्यांना मिळून एकच मेंदू आणि एकच ताकद. त्यातलं एक अकाउंट माझं, आणि त्या एका अकाउंटात फोल्डर पाडून मी माझी सगळी गिऱ्हाइकं नांदवत होते. मी हे बाबांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला.

"म्हणजे आपण भाडेकरू?"

"हो."

"अन् तुहे गिऱ्हाईक पोटभाडेकरू. घरमालकाले माहीत आहे का हे?"

माहीत आहे, चालतं, असं मी सांगूनही त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी कंपनीच्या सगळ्या अटी माझ्याकडून छापून घेतल्या आणि दोन रविवार बसून वाचल्या, महत्त्वाच्या ओळींखाली पट्टीने रेघा मारल्या. त्या अटी वाचणारा जगात दुसरा माणूस झाला असेल असं मला आजही वाटत नाही. वाचून झाल्यावर म्हणाले, "एकानं जास्त पाणी ओढलं तर सगळ्याईचा नळ बंद करू, असं लिहून राह्यले ते. सांभाळून राहजो."

बाबा असेच होते. एका सरकारी कार्यालयात अकाउंट्समध्ये होते, ठेकेदारांची बिलं तपासायचे. गावात त्यांना नावाने कमी आणि 'अकाउंटवाले' म्हणून जास्त ओळखत. ऑफिसची टाचणी चुकून शर्टाला लागून घरी आली तरी दुसऱ्या दिवशी परत जायची. एका दिवाळीला कुणा ठेकेदाराने मिठाईचा डबा पाठवला. बाबा तो सायकलच्या कॅरिअरला बांधून भर उन्हात परत देऊन आले, आणि वाटेत दोरी सुटून डबा सांडला म्हणून स्वतःच्या पैशाने तेवढीच मिठाई भरून दिली. घरात एक कूलर, दोन लोखंडी पलंग आणि सायकल. आईने कधी कुरकुर केली तर म्हणायचे, "झोप लागते ना?" झोप खरंच लागायची, कूलर चालू असेल तर.

माझी मोठी बहीण, संध्याताई, शाळेत शिकवायची. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं आणि ती एकेक नाकारत होती. एकाने तिला गोल पोळी लाटता येते का विचारलं, तेव्हा तिने त्याला पायथागोरसचा सिद्धांत विचारला. अशात कारंजा घाडग्याचं स्थळ आलं. मुलगा नरेश, सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात लॅबमध्ये होता. त्याचे वडील नव्हते. बापूकाका म्हणून चुलते होते, त्यांचं हायवेवर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान, आणि घरात त्यांचाच शब्द चालायचा. पाहायला आले तेव्हा नरेश सगळा वेळ खाली बघून कोथिंबिरीची सांबारवडी खात राहिला आणि निघताना ताईला एवढंच म्हणाला, "तुमच्या शाळेत मुलं तुम्हाले भेतात का?" ताई म्हणाली, "भेतात." तो म्हणाला, "मग ठीक आहे. मीपण भेऊन राह्यलो." त्या दिवसापासून ताई आरशापुढे जास्त वेळ उभी राहायला लागली. तिला तो आवडला होता, आणि हे घरात सगळ्यांना कळलं होतं. कुणी बोलत नव्हतं एवढंच.

बापूकाकांचा मात्र निरोप येत नव्हता. त्यांनी आमची सायकल पाहिली होती, पलंग पाहिले होते. "विचार करून सांगतो," म्हणून गेले ते गेलेच. नरेश अधूनमधून फोन करायचा प्रयत्न करत असावा, पण आमचा फोन कायम अमेरिकेला लागलेला. "तुहे शेठ संपले का?" असं ताई दर दहा मिनिटांनी विचारायची, आणि एकदा तर तिने अर्ध्या अपलोडमध्ये वायरच ओढली. मंगल कार्यालयाच्या वेबसाइटवर पुढचा अख्खा दिवस नवरदेवाचा फक्त फेटा दिसत होता, तोंड नाही.

ह्या स्थळासाठी मी माझ्या परीने एक उपकार केला होता. गिऱ्हाइकांना नमुना दाखवायला म्हणून बाबांच्या नावाची एक वेबसाइट केली होती. तिच्यात बाबांचा फोटो, खाली 'अकाउंटंट', आमच्या कुटुंबाची माहिती आणि ताईचा बायोडाटा. बापूकाका पहिल्यांदा आले तेव्हा मी तो पत्ता कागदावर लिहून मोठ्या दिमाखात त्यांच्या हातात दिला होता. मुलीकडच्यांची वेबसाइट असलेलं ते कारंजा तालुक्यात गेलेलं पहिलंच स्थळ असावं.

आता माझ्या दोन शेठांकडे वळते, कारण सगळं रामायण त्यांनी घडवलं. गोविंदशेठ आणि मदनशेठ हे चुलतभाऊ. दोघांच्या कापसातून सरकी काढायच्या जिनिंगची भिंत एक, बोलणं बंद. गोविंदशेठांनी रोजच्या कापसाच्या भावाची वेबसाइट करून घेतली म्हणून मदनशेठांनीही घेतली. दोघांनीही मला बजावलं होतं, "त्याच्या बाजूले नको हं आमचं." मी मान हलवली. दोघंही एकाच अकाउंटात, एकाखाली एक फोल्डरमध्ये राहत होते, आणि एकदा मी घाईत एकाचं पान दुसऱ्याच्या फोल्डरात टाकल्यामुळे मदनशेठांच्या वेबसाइटवर चहा होईपर्यंत गोविंदशेठ हसत होते. नशिबाने कुणी पाहिलं नाही. त्या काळात वेबसाइटच्या तळाला किती लोक येऊन गेले ते मोजणारा काउंटर लावायची फॅशन होती. मी दोघांनाही लावून दिला. तिथेच माझी अक्कल शेण खायला गेली.

गोविंदशेठांना कुणीतरी सांगितलं की कीबोर्डवरचं एक बटण दाबलं की पान पुन्हा उघडतं आणि आकडा एकाने वाढतो. मग काय, गादीवर बसून एका हाताने कापूस चाचपत दुसऱ्या हाताने ते बटण दाबत राहिले. मदनशेठांना हे भिंतीपलीकडून कळलं. त्यांनी स्वतः बसून, जेवायला उठले की बायकोला बसवून, आकडा वाढवायला घेतला. दर वेळी बटण दाबलं की माझा प्रोग्रॅम अमेरिकेतल्या मशीनला सगळ्या भावांचं कोष्टक नव्याने मांडायला लावत होता. दोन चुलतभावांनी मिळून ते मशीन घामाघूम केलं. कंपनीने बाबांनी रेघ मारलेली तीच अट लावली आणि माझं अकाउंट बंद केलं. आजकाल माझ्या हाताखालची मुलं म्हणतात, आता सगळं आपोआप वाढतं, कितीही लोक येवोत, मशीन पुरतंच. असेल बाबा. त्यांनी माझे शेठ पाहिले नाहीत.

नेमका तेव्हा रस्ता खोदल्यामुळे आमचा फोन मेलेला होता. मला कळलं तेच गोविंदशेठ स्कूटरवरून तणतणत आले तेव्हा. "बाई, माह्या दुकानावर कोणी पाटी लावली?" मी बाजारातल्या सायबर कॅफेत जाऊन पाहिलं. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या दारावर एकच पांढरं पान लागलं होतं. त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'धिस अकाउंट हॅज बीन सस्पेंडेड', आणि खाली बारीक अक्षरांत, अधिक माहितीसाठी बिलिंग डिपार्टमेंटशी संपर्क साधावा. मी कंपनीला माफीची ई-मेल पाठवली, काउंटर काढून टाकते म्हणून कबूल केलं, दोन्ही शेठांचा आकडा गोठवला. काही दिवसांनी सगळं सुरळीत झालं. शेठ रुसले ते वेगळं. बाबांची नमुन्याची वेबसाइटही त्याच अकाउंटात होती, तीही बंद पडून पुन्हा सुरू झाली, ह्याकडे माझं लक्षसुद्धा गेलं नाही.

फोन सुरू झाला त्याच संध्याकाळी कारंज्याहून बापूकाकांचा फोन आला. बाबांच्या गुडघ्यात त्या महिन्यात पाणी झालं होतं, ते पाय स्टुलावर ठेवून बसले होते. मी शेजारीच होते, आणि बापूकाकांचा आवाज असा की रिसिव्हर कानाला लावायची गरज नव्हती.

"समजलं आमाले," बापूकाका म्हणाले. "मनाले लावून घेऊ नका. होत राह्यते."

"वय झालं आता, होणारच," बाबा म्हणाले. त्यांना वाटलं, गुडघ्याची बातमी कारंज्यापर्यंत गेली.

"चौकशी चालू आहे म्हणते?"

"हो ना जी. ऑफिसचे, शेजारचे, सारेच चौकशी करून राह्यले."

"बापरे. शेजारचेही? अन् मोकळे कधी होता?"

"पंधरा दिवस तरी घरीच बस म्हणते डॉक्टर."

"बरोबर आहे. डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन ठेवजा. कामी येते." मग आवाज खाली आणून, म्हणजे गल्लीत ऐकू जाईल एवढाच ठेवून, ते म्हणाले, "आमचा होकार समजा. रविवारी येतो बोलणी कराले."

बाबांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "काय मोठ्या मनाचा माणूस आहे," म्हणाले. "मी उगाच काहीबाही समजलो होतो." ताई आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आईने ऐकलं की आत ती एकटीच हसत होती.

रविवारी आईने बेसनाचे गोळे घालून गोळाभात केला. वरून घालायचं तेल कढईत तयार, लसणाचा वास दारापर्यंत. बापूकाका ह्या वेळी पांढरे शुभ्र कपडे करून आले, बरोबर नरेश. बसल्याबसल्या त्यांनी खोलीवरून नजर फिरवली, कूलरकडे, पलंगाकडे, आणि बाबांकडे पाहून असं हसले की दोघांमध्ये काही गुपित आहे.

"मानलं जी तुमाले," ते म्हणाले. "पहिल्यांदा आलो तेव्हा म्या म्हटलं, ह्याच्याकडे खरंच काई नाई. सायकल काय, लोखंडी पलंग काय. आता समजलं. माणूस खोल आहे. दाखवत नाई तोच खरा."

बाबा नम्रपणे म्हणाले, "आमचं सारं असंच, साधं."

"साधं आता राहू द्या," बापूकाका म्हणाले. "लग्न नागपूरले, लॉनवर करू. पोराच्या नावानं वर्धेले एखादा प्लॉट. तुमालेही बरं, नाई तर ते लोक येऊन सारं घेऊन जाईन. पोरीच्या घरी गेलं म्हणजे सुरक्षित राह्यते."

"कोण लोक?" बाबांनी विचारलं.

बापूकाकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून टीपॉयवर पसरला. कारंज्याच्या हायवेवरच्या सायबर कॅफेत काढलेला प्रिंट होता. वरती बाबांच्या नावाचा पत्ता, खाली मोठ्या अक्षरात ती ओळ. बापूकाकांनी बोट ठेवून वाचून दाखवली. "अकाउंट सस्पेंडेड. म्हणजे अकाउंटवाले सस्पेंड. अन् हे पाहा, बिलिंग डिपार्टमेंट. तुमी बिलाच्याच टेबलावर ना?"

बाबांनी चष्मा चढवला आणि तो कागद वाचला. मग पुन्हा वाचला. मला आधी हसू फुटलं, आणि बाबांचा चेहरा पाहिला तसं ते विरलं. मी घाईघाईने सांगायला लागले, अमेरिका, मशीन, पोटभाडेकरू, गोविंदशेठ, मदनशेठ, बटण. बापूकाका ऐकत होते आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरत होता.

"म्हणजे सस्पेंड कोणीच नाई?"

"वेबसाइट झाली होती."

"अन् ती चौकशी?"

"गुडघ्याची," मी म्हणाले.

"म्हणजे घरात काईच नाई?" त्यांनी असं विचारलं की जणू आम्ही त्यांना फसवलं.

"काईच नाई," आई दारातून म्हणाली. तिच्या हातात तेलाची पळी होती.

आयुष्यभर टाचणीसुद्धा परत नेणारा माणूस, आणि एका पांढऱ्या पानावरून लोकांनी त्यांच्या घरात लाचेचे पैसे दडवलेले पाहिले. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली, आणि माझ्या त्या अकाउंटाचा संताप आला. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "बापूसाहेब, तुमाले खरं वाटलं?"

"छापील होतं जी," बापूकाका म्हणाले.

तेवढ्यात नरेशने तोंड उघडलं. "मले माहीत होतं," तो म्हणाला. "मी वाचलं तेव्हाच समजलं, वेबसाइटचं अकाउंट आहे म्हणून. आमच्या लॅबचं पण एकदा असंच झालतं."

खोलीत सगळे त्याच्याकडे वळले. चहाचा ट्रे घेऊन ताई कधी आली ते मला कळलं नव्हतं. तिने ट्रे खाली ठेवला.

"माहीत होतं तर काकाले काऊन नाई सांगितलं?"

नरेश लाल झाला. "काका हो म्हणतच नव्हते. ते पान पाहिलं अन् लगेच हो म्हणाले. म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू."

मी हे आज लिहिताना हसते आहे, तेव्हा कुणी हसलं नाही. ताई त्याच्याकडे बघत उभी होती. तिच्यासाठीच तो गप्प बसला होता, आणि त्या गप्प बसण्यात आमचे बाबा सगळ्या कारंज्यात चोर ठरले होते. दोन्ही तिला एकदमच कळलं असावं, कारण तिचे डोळे भरले आणि आवाज मात्र वर्गात असतो तसा कडक आला. "लग्नासाठी माझ्या बापाले चोर होऊ दिलं तुम्ही. आता ह्यांच्यासमोर सांगा काय सांगायचं ते. नाई तर चहा घ्या अन् निघा."

नरेश उठला. आधी बाबांच्या पाया पडला, तेही दुखऱ्या गुडघ्यावर डोकं टेकवून, त्यामुळे बाबा कळवळले. मग काकांकडे वळून एका दमात म्हणाला, "काका, लग्न इथंच होईन, ह्याईच्या अंगणात. प्लॉट नको, लॉन नको. तुमी आले तर आनंद, नाई आले तर मी कोर्टात करतो." काकांशी तो इतकं लांब वाक्य आयुष्यात पहिल्यांदा बोलला असावा.

बाबांनी त्याला खाली बसवलं. "एक सांगा," ते म्हणाले. "इंग्रजी येत नसतं, तर तुमालेही खरं वाटलं असतं का?"

नरेशने विचार केला. इतका वेळ केला की आईने पळी खाली ठेवली. "वाटलं असतं," तो म्हणाला. "तेव्हा तुमाले ओळखत नव्हतो."

"पोट्टा खरं बोलते," बाबा आईला म्हणाले. "गोळाभात वाढ."

बापूकाका उठून उभे राहिले होते. वासाने म्हणा, संकोचाने म्हणा, ते परत बसले, आणि जेवताना त्यांनी तेल दोनदा मागून घेतलं. लग्न आमच्याच अंगणात झालं. बापूकाका आले, फेटा बांधून पुढे पुढे मिरवले. पण एक अडचण त्यांना शेवटपर्यंत सुटली नाही. सगळ्या कारंज्यात त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं की पुतण्याचे सासरे सस्पेंड आहेत, मोठं प्रकरण आहे. आता ते मागे कसं घेणार? म्हणून ते सांगायला लागले की मोठी चौकशी झाली, वरून साहेब आले, पण त्यांना सोडून द्यावं लागलं. मी एकदा वेबसाइटवर खुलासा टाकते म्हणाले, तर बाबांनी हात जोडले. "खुलासा टाकला की ज्याले माहीत नाई त्यालेही माहीत होईन."

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तेराव्याला बापूकाका काठी टेकत आले होते, कानांनी कमी ऐकू येत होतं, त्यामुळे आवाज पूर्वीहून मोठा. फोटोपुढे बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मग माझा हात धरून म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून खरंच पाणी येत होतं, "बाई, एवढी चौकशी झाली तुह्या बापाची. पण शेवटपर्यंत काई सापडलं नाई बरं."